रविवारची संध्याकाळ त्याच्याकडे द्या

ताई, माझा मुलगा यंदा बारावी झाला. सीईटीला चांगले मार्क आहेत, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागेल असं सगळे म्हणतात. ऑगस्टपासून तो हॉस्टेलला नाहीतर कॉटबेसिसवर राहील. हुशार आहे, स्वभावाने गरीब आहे, पण घरातलं काही म्हणजे काही येत नाही. दहावीपासून आम्ही त्याला कशाला हातच लावू दिला नाही, अभ्यास एके अभ्यास. परवा मी बारीक गॅसवर दूध ठेवून त्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि भाजीला गेले. दूध उतू जाऊन गॅस विझला. हा बाहेरच्या खोलीत बसून मला मेसेज करतोय, ‘आई, कसला तरी वास येतोय.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात, पोराच्या जातीला काय करायचंय, मेस आहे की. हे म्हणतात, मी शिकलो तसाच तोही शिकेल, अंगावर पडलं की येतं. (मुलगी नववीत आहे, ती पोळ्यासुद्धा करते, तिची मला काळजी नाही.) दोन महिन्यांत त्याला काय काय शिकवू? यादी दिलीत तर बरं होईल. गेल्यावर रोज फोन केला तर चालेल ना? आणि मीच त्याला बिघडवलं का, हा विचार डोक्यातून जात नाही.
— एक आई, कराड

ताई,

आधी त्या दुधाचं बोलू. बाकी सगळं आठ-पंधरा दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून जात नाही, ओट्याखाली, जमिनीलगत साचून राहतो. वास आला की शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही. दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर विझवायचाही नाही. वास जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन तर मुळीच लावायचा नाही, कारण बटण दाबतानाच ठिणगी पडते. मग सगळ्यांनी बाहेर यायचं आणि फोन बाहेरून करायचा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो त्याच्या मोबाइलमध्ये आजच टाका. पण हे नुसतं सांगून सोडू नका. संध्याकाळी त्याला ओट्याखाली वाकायला लावा, रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो ते त्याच्या हाताला कळू दे. पुढचा सिलिंडर तोच बदलेल. आतली रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघेल, रेग्युलेटर बसवेल आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहील. काडी ओढून गळती बघायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. तुमच्याकडे असेल तर ती आजपासून बंद.

आता तो मेसेज पुन्हा वाचा. मुलाला वास आला. काहीतरी बिनसलंय हे कळलं, आणि त्याने ते कळवलंही. नाक शाबूत, डोकं शाबूत. तो फक्त उठला नाही. आळशी आहे म्हणून नव्हे. स्वयंपाकघर आईचं, तिथलं जे काय असेल ते आई बघेल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याने ते ज्याचं खातं त्याच्याकडे वर्ग केलं, इतकंच.

म्हणून तुमच्या यादीबद्दल मला थोडी शंका आहे. कुकर लावणं, कपडे धुणं, बटण शिवणं, या गोष्टी धडधाकट मुलाला एकेका दुपारी येतात. न येण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्या मुलाचा खरा प्रश्न असा आहे की त्या घरातलं एकही काम त्याचं नाही. तो ‘मदत’ करतो, तीही सांगितल्यावर.

मी बरीच वर्षं पुण्यात एका वसतिगृहाची रेक्टर होते. ज्यांना काहीच येत नाही अशी मुलं दरवर्षी यायची, त्यांची मला फारशी काळजी वाटायची नाही. दिवाळीपर्यंत ती तयार व्हायची. अवघड जायची ती सांगितल्याशिवाय न हलणारी. एका खोलीतली ट्यूब गेली. तिघं जण आठवडाभर मोबाइलच्या टॉर्चवर अभ्यास करत होते. रजिस्टर जिन्याखालीच ठेवलेलं, त्यात एक ओळ लिहायची होती. मी विचारलं तर तिघांचंही उत्तर एकच, ‘मॅडम, मला वाटलं यानं सांगितलं असेल.’ त्यातला एक घरी उत्तम पोहे करायचा म्हणे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अंगावर पडलं की येतं. पण ते शिकले तेव्हा एकदम पुण्यात जाऊन शिकले नव्हते. त्यांच्या लहानपणी दळण कोण घेऊन जायचं, विचारा त्यांना. डबा डोक्यावर, गिरणीत नंबर लावायचा, ‘ज्वारीवर गहू टाकू नका हो’ म्हणून गिरणीवाल्याला सांगायचं, पीठ जाड आलं तर घरी बोलणी खायची आणि परत जाऊन भांडायचं. रेशनच्या रांगेत रॉकेलचा कॅन धरून उभं राहायचं. दुधाचा रतीब, लाइटबिलाची रांग, म्हशीची वैरण. त्या पिढीला कोणी ‘स्वावलंबन’ शिकवलं नाही, घरच्या ओढाताणीत ते आपोआप घडलं. आता तुमच्या घरी पीठ तयार येतं, बिल मोबाइलवर भरलं जातं, दूध दाराशी येतं. चांगलंच आहे, पण मुलाच्या वाट्याची कामं त्यात विरून गेली. आता ती त्याच्याकडे हातात धरून द्यावी लागतील.

तर तुमच्या हातात आठ रविवार आहेत. दर रविवारचं रात्रीचं जेवण त्याचं.

रविवारच का, तर पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाचा कसोटीचा वेळ तोच. मित्र गावी गेलेले, पोटात दुपारचं गोड, सोमवारी सबमिशन, आणि खायचं काय हा प्रश्न. त्या एका संध्याकाळी जो स्वतःचं बघू शकतो तो बाकीचे सहा दिवस निभावून नेतो.

त्याचं म्हणजे पूर्ण त्याचं. काय करायचं हे तो ठरवणार, शनिवारी घरात काय आहे काय नाही ते डबे उघडून तो बघणार, आणायचं ते तो आणणार, करणार, वाढणार, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवणार, ओटा पुसणार, खरकटं काढणार. ओटा पुसल्याशिवाय स्वयंपाक झाला असं धरायचं नाही. पुरुषमाणसं हौसेने मटण करतात आणि मागे घरातल्या बायका तासभर कढई घासत बसतात, तो प्रकार इथे नको.

आणि तुम्ही घरात थांबायचं नाही. पहिल्या रविवारी कुकर कसा लावायचा ते दाखवा, ते वेगळं. दुसऱ्या रविवारपासून सहा वाजता चप्पल घाला आणि प्रीतिसंगमावर जा. तुम्ही दारात उभ्या राहिलात तर तो प्रत्येक चमच्याला ‘बास का?’ विचारणार, तुम्ही ‘थांब, मी करते’ म्हणणार, आणि रविवार तुमचाच राहणार.

करायचं काय? पहिल्यांदा मुगाची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, वरून फोडणी. कुकरबद्दल मात्र काटेकोर राहा. झाकणावर शिट्टी बसते त्या नळीचं भोक उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघायचं, रिंग कडक झाली असेल तर बदलायची, डाळ-तांदूळ फेसाळतात म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि वाफ आपोआप जिरल्याशिवाय झाकणाशी झटापट करायची नाही. घाई करून झाकण ओढण्यातून भाजण्याचे प्रकार होतात. मग वरण-भात. मग कांदेपोहे, त्यात एकच गोम आहे. जाडे पोहे चाळणीत धुवून निथळत ठेवायचे, पातेल्यात भिजवून विसरायचे नाहीत. मग अंड्याची भुर्जी, खात असाल तर. विळीच्या नादी लावू नका, पुढे खोलीवर विळी कुठली मिळायला. सुरी आणि पाट द्या, कांदा धरलेल्या हाताची बोटं आत वळवून चिरायला शिकवा. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहू द्यायचा नाही, हे ठासून सांगा. त्यात वाढणारे जंतू असे आहेत की सकाळी तो कितीही परतला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. रविवारच्या भाताचा सोमवारी फोडणीचा भात करून पोट बिघडवून घेणारी मुलं मी पुष्कळ पाहिली.

पोळ्यांच्या मागे लागू नका. कणीक मळणं हाताला यायला महिने लागतात, दोन महिन्यांत त्याचा जीव मेटाकुटीला येईल आणि उरलेलंही सोडून देईल. पुण्यात चौकाचौकात पोळी-भाजी केंद्रं आहेत. पुढे वाटलं तर शिकेल.

खिचडी करपेल, हे धरून चाला. करपली तर सगळ्यांनी वरची वरची खायची, नाहीतर ताक-भाकरी. तुम्ही धावत जाऊन दुसरा कुकर लावायचा नाही. हसायचंही नाही, आणि एक कळकळीची विनंती, ‘माझ्या बछड्याने आज पहिल्यांदा खिचडी केली’ म्हणून स्टेटस ठेवायचा नाही. मुलीने पहिली पोळी केली तेव्हा ठेवला होतात का?

कारण तुमच्या पत्रातलं कंसातलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. नववीतली मुलगी पोळ्या करते म्हणून तिची काळजी नाही. ताई, तिलाही पुढच्या वर्षी दहावीच आहे. तिच्या बाबतीत ‘अभ्यास एके अभ्यास’ का नाही? केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८, आणि हे ८८ फक्त जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. ही तफावत लग्नानंतर सुरू होत नाही. ती तुमच्याच स्वयंपाकघरात आत्ता चालू आहे. रविवारी भाऊ अडला तर ती मदतीला जाणार नाही, असं तिला स्पष्ट सांगा. आणि पोळ्या येतात म्हणून ती तयार झाली असंही समजू नका. बँकेत एकटी गेली आहे का? स्कूटरची हवा तपासता येते का? एसटीने एकटी साताऱ्याला जाऊन आली आहे का? तिच्याही वाट्याला घराबाहेर जाणं यायचंच आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका, हरालच. त्यांना गुरू करा. ‘आजी, तुझ्यासारखी आमटी मला दाखव’ असं नातवाने म्हटलं की ‘पोराच्या जातीला’ वगैरे विरघळून जाईल. तरीही कुरकुरल्या तर गावच्या सप्त्याची आठवण द्या. हजार-दोन हजार माणसांचा महाप्रसाद रांधतं कोण? गावातले पुरुषच की. चुलाणावर घाम गाळताना कोणाची जात गेल्याचं ऐकिवात नाही.

कपड्यांचं फार सांगत नाही. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, नवा कपडा पहिल्या दोन धुण्यांत एकटा. आतले कपडे आणि मोजे रोज आंघोळीबरोबर हाताने. ओला टॉवेल गादीवर टाकायचा नाही. पुण्याच्या पावसाळ्यात दोन दिवसांत खोलीला कुबट वास येतो आणि जांघेत नायटा व्हायला वेळ लागत नाही. चादर पंधरा दिवसांनी. झालं.

विजेला मात्र जास्त वेळ द्या, कारण पालकांच्या यादीत ती कधीच नसते. हॉस्टेलचा सोलर पावसात बंद पडतो आणि मुलं गुपचूप पाणी तापवायचा रॉड आणतात. बंदी असते, तरी आणतात, म्हणून शिकवलेलं बरं. आधी रॉड पाण्यात, मग बटण. पाणी तापलं का बघायचं तर आधी बटण बंद, पिन काढलेली, मग बोट. बटण चालू ठेवून बोट बुडवणं ही रोजची सवय असते आणि एखाद्या दिवशी ती जिवावर बेतते. स्टीलची किंवा लोखंडी बादली नको, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहणं नको. दुसरं, सॉकेट दोन प्रकारचे असतात हे त्याला भिंतीवर दाखवा. छोटं ६ अँपिअरचं, मोठं १६ चं. छोट्याला साधारण १४०० वॅटच्या आतलंच झेपतं. इंडक्शनची शेगडी पुष्कळदा २००० वॅटची असते. ती एक्स्टेंशन बोर्डावर मोबाइलच्या चार्जरशेजारी लावली की बोर्ड वितळतो. तो इंजिनिअर होणार आहे, गुणाकार त्याला येतो, फक्त भिंतीकडे बघून कोणी करायला लावलेला नसतो.

आजारपणाबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण आईविना पहिलं आजारपण मुलांना फार एकटं पाडतं. एक मुलगा तीन दिवस तापाने पडून होता. तो जेवायला येत नाही हे मेसच्या मावशींच्या लक्षात आलं. मी गेले तेव्हा उशाशी गोळ्या होत्या, आईने घरून दिलेल्या. पण घरच्या डब्यातली स्ट्रिप कात्रीने दोन-दोन गोळ्यांना कापलेली, त्यामुळे नाव अर्धवट, एक्स्पायरी नाहीच. कुठली गोळी तापाची, कुठली पोटाची, त्याला ठाऊक नव्हतं. आईला फोन करायचा तर ती घाबरेल म्हणून केला नव्हता.

तेव्हा औषधांचा डबा तुम्ही भरून देऊ नका, त्याला मेडिकलमध्ये पाठवून भरू द्या. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलची अख्खी स्ट्रिप, ओआरएसची पाकिटं, जखमेला लावायचं मलम, पट्ट्या. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे डेंग्यूचे दिवस. त्या काळात तापावर दुसरी कुठलीही अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट पेल्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अँटिबायोटिक मित्राने दिलं म्हणून घ्यायचं नाही. अँब्युलन्सला १०८, बाकी कुठल्याही संकटाला ११२. आणि जायच्या आधी एकदा त्याला एकट्याने डॉक्टरकडे पाठवा, साधा सर्दी-खोकला असला तरी. कधीपासून, काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे, हे आई शेजारी बसलेली नसताना त्याला सांगता यायला हवं. सतरा-अठरा वर्षांच्या किती मुलांना स्वतःचा रक्तगट माहीत नसतो, बघून थक्क व्हाल.

पैशांचं. जुलैपासून महिन्याचे पैसे एक तारखेला एकदम त्याच्या खात्यात टाका. रिचार्ज, कटिंग, बसभाडं, बाहेरचं खाणं सगळं त्यातून. बावीस तारखेला संपले तर तीसपर्यंत घरचं जेवण आहेच, उपाशी मरत नाही. हे घरी घडलं तर तो एक कंटाळवाणा आठवडा असतो, पुण्यात घडलं तर उसनवारी सुरू होते. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत नव्याने सही आणि केवायसी द्यावं लागतं, ते काम त्याच्याकडून करून घ्या. दोन धोके नीट समजावून सांगा. एक, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे यायला कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाक’ म्हणणारा चोरच. दुसरा धोका पालकांना फारसा माहीत नसतो. ‘तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार मिळतील’ असं सांगणारे कॉलेजच्या आसपास भेटतात. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरवले जातात आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात. खातं, एटीएम कार्ड, सिम, काहीही कोणालाही वापरायला द्यायचं नाही, जिवलग मित्रालाही. फसवणूक झालीच तर लाज बाळगत न बसता लगेच १९३० ला फोन. तासाभरात केला तर पैसे वाचायची शक्यता जास्त असते.

प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म तुमच्या घरी कोण भरणार आहे? माझा अंदाज, वडील, नाहीतर सायबर कॅफेवाला. तसं असेल तर बदला. कॉलेजांचा क्रम त्याने लावायचा, वडिलांनी शेजारी बसून प्रश्न विचारायचे. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येऊ दे. दाखले काढायला सेतू केंद्रात रांगेत तो उभा राहील, झेरॉक्सचे तीन संच करून फाइल तो लावेल. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज लागू असेल तर दर वर्षी करावा लागतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्याची तारीख लक्षात ठेवणं यापुढे वडिलांचं काम नाही. ‘साहेब, या दाखल्याचं काय झालं?’ हे खिडकीपलीकडच्या माणसाला न अडखळता विचारता येणं मला स्वयंपाकापेक्षाही मोठं वाटतं.

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हाताचं काम हेच शिक्षणाच्या मधोमध ठेवलं होतं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतीचं आणि स्वयंपाकघराचं काम शिक्षणाचा भाग म्हणून करतात. आपण उरलेल्यांनी मात्र ‘कार्यानुभवा’च्या तासाला गणिताचे जादा पेपर सोडवून घेतले. म्हणून ‘मीच बिघडवलं का’ या प्रश्नाचं ओझं एकटीच्या डोक्यावर घेऊ नका. शाळा, क्लास, नातेवाईक, सगळ्यांनी मिळून तुम्हाला हेच सांगितलं की चांगली आई मुलाला उठू देत नाही. पण एक सावध करते. हीच टोचणी जुलैच्या अखेरीला तुम्हाला उलट्या दिशेला ढकलेल. ‘आता चारच दिवस आहे घरी’ म्हणून तुम्ही त्याचे कपडे इस्त्री कराल, बॅग भराल, रविवारची खिचडी स्वतः लावाल. लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी करून द्या, त्याला कोण नको म्हणतंय. बॅग मात्र त्याने भरायची. काहीतरी विसरेलच, बहुधा चार्जर नाहीतर नेलकटर. पुण्यात दोन्ही मिळतात.

आणि उद्या सकाळपासून त्याला उठवणं बंद. ही एक गोष्ट शिकवावीही लागत नाही. गजर त्याचा, उशीर त्याचा. पहिल्या आठवड्यात चडफडेल, तुमच्यावर ओरडेलही. ओरडू दे.

फोनचं विचारलंत. रोज नको. दोघांनी मिळून आठवड्याचे दोन-तीन वार ठरवा, आणि फोन त्याने करायचा. ‘जेवलास का’ हा प्रश्न आपल्या तोंडातून सुटतोच, सुटू दे, पण त्यापाठोपाठ ‘का नाही जेवलास, मी मेसवाल्याशी बोलते’ नको. तो अडचण सांगेल तेव्हा लगेच तोडगा न देता ‘मग आता काय करणार आहेस?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ते गप्प बसणं तुम्हाला जड जाईल. पण ताप, मारामारी, रॅगिंग, पैशांची फसवणूक, यातलं काही झालं तर रात्री दोनलाही फोन करायचा आणि घरी कोणी रागावणार नाही, हे जायच्या आधी आई-बाप दोघांनी समोर बसवून सांगा. वडिलांनी सांगणं जास्त गरजेचं आहे. मुलं त्यांच्याच रागाला घाबरून गोष्टी लपवतात.

पहिल्या महिन्यानंतरच्या शुक्रवारी स्वारगेटच्या स्टँडवर कराड, सांगली, कोल्हापूरच्या गाड्यांपाशी उभ्या मुलांच्या सॅक बघा, निम्म्यांत आठवड्याचे मळके कपडे असतात. तुमचाही घेऊन येईल. येऊ दे. मशीन कुठे आहे ते त्याला माहीत आहे.